त्या निवेदनावर मी सही का केली नाही

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. ज्यांना नुसतं भांडायचंय त्यांनी सरळ खाली उतरावं, बाकीच्यांनी चहा घेऊन बसावं.

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक निवेदन फिरलं. पोलीस आयुक्तांना द्यायचं होतं. मजकूर असा, की मागच्या मोकळ्या प्लॉटवर रात्री पोरं गांजा ओढत बसतात, बायाबापड्यांना तिथून जाणं मुश्किल झालंय, तरी अशांवर कडक कारवाई व्हावी आणि गांजा बाळगणाऱ्यांवरचे गुन्हे अजामीनपात्र करावेत. सगळ्यांनी धडाधड सह्या केल्या. मी केली नाही. शेजारच्या काकांनी संध्याकाळी गेटवर गाठलं आणि हसत हसत विचारलं, "काय वकीलसाहेब, अशील कमी होतील म्हणून का?" चेष्टेत विचारलं, पण थोडं खरंही विचारलं. म्हणून हे लिहितोय.

मागच्या प्लॉटचा त्रास खरा आहे, तो मलाही होतो. दिवे नाहीत, कुंपण नाही, मालक कुठे आहे कुणाला माहीत नाही. त्या प्लॉटवर दिवे लावा असं निवेदन असतं तर मी पहिली सही केली असती. हे निवेदन वेगळं होतं.

आता कायद्याचं. काका, तुम्ही जे मागताय ते आधीच आहे. एनडीपीएस कायद्याखालचे सगळे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत, मग पुडी पाच ग्रॅमची का असेना. २०२० मध्ये रिया चक्रवर्तीच्या जामीन अर्जावर निकाल देताना मुंबई हायकोर्टाने हे स्पष्टच सांगितलं. टीव्हीवर तेव्हा महिनाभर बरंच काही दाखवलं, हे तेवढं कुणी दाखवलं नाही. थोडक्या मालात कोर्ट सहसा जामीन देतं, कारण कलम ३७ च्या कडक अटी व्यावसायिक प्रमाणाला लागतात, एका पुडीला नाही. पण 'देतं' आणि 'मिळण्याचा हक्क आहे' यात एक रात्र लॉकअपची असते. कधी दोन रात्री. शुक्रवारी संध्याकाळी पकडलं की घरच्यांचा शनिवार-रविवार कसा जातो ते आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

गांज्याचं प्रमाण सरकारने ठरवून दिलंय. एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, वीस किलोच्या वर व्यावसायिक, मधलं सगळं मधलं. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधल्याला दहा वर्षांपर्यंत. व्यावसायिकला कमीत कमी दहा, जास्तीत जास्त वीस वर्षं. अल्प प्रमाणाची शिक्षा २०१४ पर्यंत सहा महिने होती, ती तेव्हा दुप्पट केली. दुप्पट केल्यावर गांजा निम्मा झाला का, हे मी विचारणार नाही. तुम्ही नाशकातच राहता.

आणि एक गंमत बघा. गंमत म्हणजे रडू येईल अशी. गांजा ओढताना सापडलात तर कलम २७, सहा महिन्यांपर्यंत. तोच गांजा न ओढता खिशात सापडला तर कलम २०, एक वर्षापर्यंत. म्हणजे ओढलेल्यापेक्षा न ओढलेला जास्त महाग. हे नुसतं महिन्यांचं गणित असतं तर सोडून दिलं असतं. खरी मेख कलम ३३ मध्ये आहे. तिकडे येतोच, पण त्याआधी एका पोराचं सांगितलं पाहिजे. त्यात माझी चूक आहे आणि ती झाकून हा विषय मला लिहिता येणार नाही.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस. एक बाई ऑफिसला आल्या, चार घरी पोळ्या करणाऱ्या. मुलगा एकवीस वर्षांचा, आयटीआय फिटर, अंबडला एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. सेकंड शिफ्ट सुटल्यावर दोन मित्रांबरोबर पांडवलेण्याच्या पायथ्याशी बसला होता. गस्तीची गाडी आली. मित्र पळाले, हा पळाला नाही, आणि पळाला नाही म्हणूनच सापडला. खिशात पुडी, चौदा ग्रॅम. पंचनामा, मुद्देमाल सील, रात्र लॉकअपमध्ये. सकाळी बाई माझ्यासमोर बसून एकच वाक्य परत परत म्हणत होत्या, "दादा, तो दारूसुद्धा पीत नाही हो." मी मनात म्हटलं, दारू प्यायला असता तर बरं झालं असतं ताई, घरी सोडून दिला असता.

जामीन झाला. मग तारखा सुरू. लॅबचा रिपोर्ट नाही, पुढची तारीख. साक्षीदार पंच नाही, पुढची तारीख. साहेब रजेवर, पुढची तारीख. प्रत्येक तारखेला पोराची हजेरी बुडायची. ठेकेदाराने दोनदा समजून घेतलं, तिसऱ्यांदा म्हणाला, कोर्ट कर नाहीतर काम कर. पोरगं माझ्याकडे येऊन म्हणालं, "सर, हे संपवता येईल का?"

मी म्हटलं, येईल. कबूल कर, दंड भर, मोकळा हो.

हे मी किती जणांना म्हटलं असेल याचा हिशोब नाही. आम्ही सगळेच म्हणतो. खटला लढवायचा तर दोन-तीन वर्षं जातात, फी जाते, शेवटी सुटलाही तरी तोवर सगळं गेलेलं असतं. कबुली दिली की अर्ध्या तासात काम होतं. साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? पोरगं म्हणालं, हो. कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा आणि पाच हजार दंड. दंडाचे पैसे आईने एका कामाच्या घरून उचल घेतले होते. संध्याकाळी दोघं पाया पडायला आले. मी पेढा खाल्ला.

सात-आठ महिन्यांनी कंपनीने काही पोरांना कायम करायचं ठरवलं. याचं नाव यादीत होतं, काम चांगलं होतं त्याचं. कागदपत्रांत पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागत होता. दाखल्यात शिक्षा आली. एचआरवाल्या मॅडम चांगल्या होत्या म्हणे, त्यांनी वाईट वाटून घेतलं, पण नियम तो नियम. पोरगं माझ्याकडे आलं. चिडलेलं नव्हतं. एवढंच म्हणालं, "सर, तुम्ही म्हणाला होता मोकळा होशील."

तेव्हा मी कलम ३३ परत वाचलं. परत म्हणतोय, कारण आधी वाचलेलं होतं, परीक्षेपुरतं. प्रोबेशनचा कायदा तुम्हाला माहीत असेल. पहिल्यांदा चुकलेल्याला शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येतं, आणि असं सोडलं तर त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. पोरांना नवा रस्ता मिळावा म्हणूनच तो कायदा आहे. एनडीपीएसचं कलम ३३ म्हणतं, हा लाभ आमच्याकडे मिळणार नाही. अपवाद दोनच. आरोपी अठराच्या आतला असेल तर, किंवा गुन्हा कलम २६ वा २७ चा असेल तर. म्हणजे माझं पोरगं ओढताना सापडलं असतं, तर प्रोबेशनचा अर्ज करता आला असता. पुडी खिशात होती, म्हणून दार बंद. चौदा ग्रॅम खिशाऐवजी फुप्फुसात असते तर आज तो कायम कामगार झाला असता. ही माझी अतिशयोक्ती नाही, कायद्याची रचनाच तशी आहे.

मग तुम्ही म्हणाल, लढायचं होतं. बरोबर आहे. झडतीच्या आधी कलम ५० चं काय झालं, सीलचं काय झालं, पुडीत बोंडं किती आणि पानं-काड्या किती, हे विचारता आलं असतं. कायद्यात गांजा म्हणजे फक्त फुलोऱ्याचा शेंडा, सुटी पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. मी यातलं काहीच विचारलं नाही. आणि एकदा कबुली दिली की अपिलात फार तर शिक्षा किती आणि कायदेशीर का एवढंच मांडता येतं, दोष पुसता येत नाही.

आता कुणी जाणकार म्हणेल, कायद्यात उपचाराची सोय आहे की. आहे. कलम ६४अ म्हणतं, थोडक्या मालाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल तर त्याच्यावर खटला नको. कलम ३९ म्हणतं, दोषी ठरला तरी कोर्ट त्याला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकतं. फार चांगली कलमं आहेत. पण दोन्हींत शब्द आहे 'व्यसनी'. माझं पोरगं आठवड्यातून एकदा, शिफ्ट सुटल्यावर, मित्रांबरोबर ओढायचं. ते व्यसनी नाही. म्हणजे व्यसनी असशील तर तुला सवलत, नसशील तर शिक्षा. बरं, जे खरोखर व्यसनी आहेत त्यांना तरी ही कलमं मिळतात का? इतक्या वर्षांच्या वकिलीत मी ६४अ चा अर्ज एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा पाहिला. पकडल्यावर त्या माणसाला हे सांगणार कोण? पोलीस नाही सांगत. आणि मघाशी सांगितलं तसं, वकीलही पेढा खातो.

हे फक्त नाशिकचं नाही. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या दंडाधिकारी कोर्टांतली २०१७ आणि २०१८ ची अशी प्रकरणं तपासली होती. बहुतांश प्रकरणं सेवनाची, त्यातही गांज्याची. पकडलेले कोण? रोजंदारीवाले, झोपडपट्टीत नाहीतर फुटपाथवर राहणारे. आणि निकाल कसे लागले? कबुली, दंड, कबुली, दंड. महाराष्ट्रात या कायद्याखाली वर्षाला दहा हजारांहून जास्त गुन्हे दाखल झाल्याची वर्षं आहेत, देशात आपण वरच्या रांगेत असतो, आणि यातले बहुसंख्य विक्रीचे नाहीत, सेवनाचे आहेत. आकडा मोठा दिसतो, पेपरात छापून येतो, कारवाई जोरात चालू आहे असं वाटतं.

आणि त्याच काळात आपल्या शिंदे गावात एमडीचा कारखाना चालू होता.

विसरलात का? ऑक्टोबर २०२३. ससूनमधून आरोपी पळाल्याचं प्रकरण गाजत होतं. मुंबईचे साकीनाका पोलीस नाशकात येऊन छापा घालतात आणि आपल्या नाशिकरोडच्या पलीकडे, महामार्गाच्या कडेला कोट्यवधींचं मेफेड्रोन सापडतं. मोर्चे निघाले, भाषणं झाली, मीही मोर्चात होतो. मला तेव्हापासून एकच प्रश्न पडतो. एका पुडीमागे पंचनामा करायला एक अधिकारी, दोन कर्मचारी, दोन पंच, मग मेडिकल, मग लॅब, मग दोषारोपपत्र, मग वर्षभर तारखांना हजेरी. एवढं मनुष्यबळ चौदा ग्रॅमला लागत असेल, तर कारखाना हुडकायला उरतं कोण? लॅबमध्येही रांग एकच असते. त्या एका पोराच्या पुडीच्या मागे एमडीचं सँपल उभं असतं.

एमडी आणि गांजा एकाच पिशवीत घालू नका, ही माझी पालकांना हात जोडून विनंती आहे. कायदाही घालत नाही. गांज्याचं अल्प प्रमाण एक किलो, एमडीचं दोन ग्रॅम. पण आपण पोरांशी बोलताना 'ड्रग्ज' असा एकच शब्द वापरतो. पोरगं एकदा गांजा ओढून बघतं, काही मरत-बिरत नाही, मग त्याला वाटतं आईबाप एमडीबद्दलही थापाच मारत असतील. हे माझं निरीक्षण आहे, संशोधन नाही. पण कोर्टाच्या बाकावर बसलेल्या पोरांकडून ऐकलेलं आहे.

आता जुनं थोडं, कारण "आपली संस्कृती" असं निवेदनात लिहिलं होतं. संस्कृतीचं म्हणाल तर काका, तुम्ही गंगाघाटावर वाढलात. २०१५ च्या सिंहस्थात तुम्ही-मी दोघंही त्र्यंबकला होतो. कुशावर्ताच्या आसपास चिलमी कशा पेटत होत्या ते तुम्हीही पाहिलंत, मीही पाहिलं, बंदोबस्तातल्या हवालदारानेही पाहिलं. कुणी पंचनामा केला नाही, आणि करूही नये, मी तक्रार करत नाहीये. पण एनडीपीएसमध्ये साधूला सूट देणारं कलम नाही. कलम २० भगव्याला आणि फिटरच्या निळ्या शर्टाला एकच आहे. वागणूक एक नाही. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. तेव्हा परत हेच दिसेल, आणि त्याच आठवड्यात सातपूरचं एखादं पोरगं माझ्या ऑफिसच्या पायऱ्यांवर बसलेलं असेल.

इंग्रजांनी १८९३ मध्ये यावर एक आयोग नेमला होता. इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन. सात सभासद, त्यात तीन हिंदी. देशभर फिरून अकराशेच्या वर साक्षी नोंदवल्या, डॉक्टर, वेड्यांच्या इस्पितळांचे अधिकारी, जमीनदार, बैरागी, सगळ्यांच्या. १८९४ चा त्यांचा निष्कर्ष असा, की बेताच्या सेवनाने फारसं नुकसान होत नाही, अतिरेकाने होतं, आणि सरसकट बंदी गरजेचीही नाही आणि शहाणपणाचीही नाही. परवाने द्या, कर लावा, लक्ष ठेवा. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात तेव्हा परवान्याने गांज्याची शेती होत होती. इंग्रजांना महसूल हवा होता, हे उघड आहे, त्यांच्या दयाळूपणाचे गोडवे मी गात नाही. पण विचारल्याशिवाय बंदी घालायची नाही एवढी पद्धत तरी होती. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही करताना पारंपरिक वापर बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत घेतली, आणि ती संपत आल्यावर १९८५ मध्ये एनडीपीएस आला. भांग करारातही नव्हती, या कायद्यातही नाही. पानं चालतात, फुलं चालत नाहीत. आपल्या राज्यात भांगेला दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो, ते वेगळं.

दारूबंदी कायद्यावरून आठवलं. आपल्याकडे दारू प्यायलाही परवाना लागतो. एक दिवसाचा, एक वर्षाचा, आजीवन. निवेदनावर सही करणाऱ्यांपैकी किती जणांकडे आहे? हात वर करू नका, थर्टी फर्स्टच्या गच्चीवर मीही होतो.

२०२० च्या डिसेंबरात व्हिएन्नाला संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात मतदान झालं. गांज्याला सर्वांत घातक पदार्थांच्या चौथ्या अनुसूचीतून काढायचं की नाही. सत्तावीस विरुद्ध पंचवीस मतांनी काढायचं ठरलं आणि भारताने 'काढा' म्हणून मत दिलं. २०२१ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने, वैयक्तिक वापरापुरता माल सापडलेल्यांना तुरुंगाऐवजी उपचाराकडे वळवावं, अशी शिफारस केल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्याच डिसेंबरात संसदेत एनडीपीएसची दुरुस्ती आली, मला वाटलं हीच असेल. ती निघाली २०१४ मध्ये राहून गेलेली क्रमांकाची चूक दुरुस्त करणारी. पटियालाचे खासदार डॉ. धर्मवीर गांधी यांनी त्याआधी खासगी विधेयक आणायचा प्रयत्न केला होता. पेशाने हृदयरोगतज्ज्ञ माणूस, त्यांनी पंजाबात चिट्ट्याने मेलेली पोरं पाहिली होती. ते विधेयकही कुठे पोचलं नाही.

मी काय मागतोय ते नीट वाचा, स्क्रीनशॉट काढणार असाल तर हा परिच्छेद पूर्ण काढा. गांजा चांगला आहे असं मी म्हणत नाही. कोवळ्या वयात, रोज, जास्त ओढणाऱ्यांची डोकी बिघडलेली मी पाहिली आहेत. एका अशिलाला आवाज ऐकू येतात, आता तो औषधावर आहे. दुकानं उघडा असंही म्हणत नाही. विकणाऱ्याची शिक्षा आहे तशी राहू द्या, शाळा-कॉलेजच्या दारात विकणाऱ्याची वाढवा, ओढून गाडी चालवणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ आहेच. मी एवढंच म्हणतो की स्वतःपुरती पुडी, समजा पन्नास ग्रॅमपर्यंत, हा फौजदारी गुन्हा राहू नये. पुडी जप्त करा, चलन फाडा, दुसऱ्यांदा सापडला तर समुपदेशकापुढे बसवा. अटक नको, आरोपीचा शिक्का नको. एक किलोची मर्यादा या कामासाठी फार मोठी आहे, हेही मी कबूल करतो. किलोभर गांजा कुणी एकटा ओढायला ठेवत नाही. आणि कलम ३३ मधला तो खिसा-फुप्फुसाचा फरक काढून टाका, जुन्या शिक्षांनाही त्याचा लाभ द्या.

पोर्तुगालने २००१ पासून साधारण असंच केलंय. तिथे पुडी सापडली तर पोलीस कोर्टात नेत नाहीत, तीन जणांच्या समितीपुढे पाठवतात. देश बुडाला नाही. जर्मनीने २०२४ मध्ये पंचवीस ग्रॅमपर्यंत बाळगायला मोकळीक दिली. थायलंडने मात्र २०२२ मध्ये एकदम सगळं खुलं केलं, गल्लोगल्ली दुकानं झाली, आणि २०२५ मध्ये परत डॉक्टरच्या चिठ्ठीवर यावं लागलं. मला थायलंड नकोय.

"मग उद्या सगळेच ओढतील" हा प्रश्न येणारच. खरा प्रश्न आहे, उडवून लावण्यासारखा नाही. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या २०१९ च्या सर्वेक्षणात दहा ते पंचाहत्तर वयातले १४.६ टक्के लोक दारू पितात आणि भांग, गांजा, चरस सगळं मिळून वापरणारे २.८ टक्के निघाले. त्यातले निम्म्याहून जास्त भांगवाले. म्हणजे दुकानात सहज मिळणारी गोष्ट जास्त खपते, हे खरंच आहे. म्हणूनच मी दुकान मागत नाही. पण अटकेच्या भीतीने पोरं थांबतात असं म्हणायचं असेल, तर मागच्या प्लॉटवर रात्री अकराला चक्कर मारा. भीती आहे, फक्त ती दवाखान्याची झाली आहे. पोरगं बिघडलंय हे कळूनही आईबाप डॉक्टरकडे नेत नाहीत, कारण त्यांना वाटतं डॉक्टर पोलिसांना कळवेल. एक बाप माझ्याकडे आधी आला आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे नंतर गेला. क्रम उलटा पाहिजे होता.

हे सगळं दिल्लीतून बदलणार, आयुक्तांच्या हातात नाही, हे मला कळतं. पण काही गोष्टी इथे होऊ शकतात. थोडक्या मालाच्या प्रत्येक आरोपीला पहिल्याच दिवशी ६४अ आणि ३९ बद्दल मराठीत, लेखी सांगायचं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने ते सांगायला रिमांडच्या वेळी माणूस बसवायचा. नालसाची २०१५ ची अमली पदार्थांच्या बळींसाठीची योजना कागदावर आहेच. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय, अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं आणि त्यातून ते उभं राहिलं. आपल्या एवढ्या मोठ्या शहरात सरकारी खाटा किती, हे नगरसेवकांना विचारणारं निवेदन काढा. मी मसुदा करून देतो, फुकट.

आणि वकील मित्रांनो, "कबूल कर, मोकळा हो" हे म्हणण्याआधी अशिलाला एवढं तरी विचारा की बाबा, तुला पुढे कुठे दाखला लागणार आहे का. मी आता विचारतो. प्रत्येक वेळी विचारतो.

तो पोरगा सध्या बाईक टॅक्सी चालवतो. तिथेही आधी पडताळणी आडवी आली, मग मित्राच्या नावाच्या आयडीवर चालवायला लागला. म्हणजे एका पुडीपायी आता त्याच्या हातून रोज एक नवीन गुन्हा घडतोय आणि मला ते माहीत आहे. परवा सीबीएसवर दिसला, हेल्मेटमधूनच हात केला. आईने दंडासाठी घेतलेली उचल अजून दर महिन्याला पगारातून कापली जाते, असं म्हणाला. काका, तुमच्या निवेदनाचा तो कागद अजून माझ्या टेबलावर आहे. शेवटच्या ओळीतला 'अजामीनपात्र' खोडून तिथे 'प्लॉटवर दिवे' लिहिलंय. तुम्हाला चालत असेल तर सांगा, आत्ता सही करून पाठवतो.